अमेरिकेने पश्चिम कशी मिळवली, मोजली आणि वाटली: जमिनीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या विस्ताराचा रंगीत नकाशा बहुतेकांनी पाहिलेला असतो. १७८३ चा एक रंग, १८०३ चा दुसरा, १८४८ चा तिसरा. त्या नकाशावरून असे वाटते की देशाने एकेक तुकडा विकत घेतला आणि लोक तिथे जाऊन राहिले. प्रत्यक्षात प्रत्येक तुकड्यावर चार कामे व्हावी लागली: युरोपातल्या दुसऱ्या सत्तेचा दावा मिटवणे, तिथे राहणाऱ्या जमातींकडून जमीन काढून घेणे, साखळी टाकून मोजणी करणे आणि मग विक्री किंवा वाटप. पश्चिमेकडे कोण गेले, कुणाच्या हाती काय लागले आणि कुणाला हाकलले गेले, हे या चार कामांच्या अटींवर ठरले. खालची उत्तरे त्याच अनुषंगाने दिली आहेत.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा अमेरिकेकडे किती जमीन होती?

१७८३ च्या पॅरिस तहाने पश्चिमेची हद्द मिसिसिपी नदीपर्यंत गेली. पण ही जमीन लगेच केंद्राच्या हाती आली नाही. व्हर्जिनियासह अनेक राज्यांचे जुन्या सनदांवरून पश्चिमेकडे दावे होते आणि काहींचे दावे एकमेकांवर चढलेले होते. व्हर्जिनियाने ओहायो नदीच्या उत्तरेचा दावा १७८४ मध्ये सोडला. सर्वांत शेवटी, १८०२ मध्ये, जॉर्जियाने सोडला. अशा सोडलेल्या जमिनींतून ‘सार्वजनिक जमीन’ तयार झाली.

त्या वेळच्या केंद्र सरकारला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. युद्धाचे कर्ज डोक्यावर होते आणि सैनिकांना पगाराऐवजी जमिनीचे हक्कपत्र दिलेले होते. तिजोरीत पैसा नाही आणि हाताशी जमीन भरपूर, अशी स्थिती होती. म्हणून जमीन विकायची कशी याचा कायदा आधी झाला. संविधान त्यानंतर आले.

१७८५ चा जमीन कायदा एवढा महत्त्वाचा का मानतात?

कारण त्याने ‘आधी मोजणी, मग विक्री’ हा क्रम पक्का केला. केंटकीसारख्या भागात उलटे झाले होते. माणसाने आपल्याला हवी ती जागा धरायची, झाड, ओढा, खडक यांच्या खुणा सांगून नोंद करायची. मग एकाच जमिनीवर तीन-चार जणांच्या नोंदी निघायच्या आणि खटले पिढ्यानुपिढ्या चालायचे.

२० मे १७८५ च्या कायद्याने जमिनीचे ६ मैल लांब आणि ६ मैल रुंद असे चौकोन पाडायचे ठरले. त्या चौकोनाला टाउनशिप म्हणतात. एका टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन १ चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. १६ क्रमांकाचा सेक्शन शाळेसाठी राखून ठेवायचा. किमान भाव एकरी १ डॉलर. मोजणीदाराला मैलामागे जास्तीत जास्त २ डॉलर.

३० सप्टेंबर १७८५ रोजी थॉमस हचिन्स यांनी ओहायो नदीच्या काठी, आजच्या ईस्ट लिव्हरपूल गावाजवळ, कामाला सुरुवात केली. तिथून निघालेली चौकोनांची जाळी पुढे पॅसिफिक महासागरापर्यंत पोहोचली. ओहायो, इलिनॉय, आयोवा, नेब्रास्कावरून दिवसा विमान जाताना खाली जे सरळ रस्ते आणि चौकोनी शेते दिसतात, ती याच मोजणीची खूण आहे.

मोजणी नेमकी कशी करत?

गुंटरची साखळी हे मुख्य साधन. लांबी ६६ फूट, कड्या १००, प्रत्येक कडी ७.९२ इंचांची. ८० साखळ्यांचा एक मैल आणि १० चौरस साखळ्यांचा एक एकर. डोंगराळ जागी ५० कड्यांची, ३३ फुटी, अर्धी साखळी वापरत.

मराठी वाचकाला हा ३३ आकडा ओळखीचा वाटेल. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. मुंबई इलाख्याच्या मोजणीतली १६ आण्यांची साखळी ३३ फुटांची होती, गुंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी. म्हणजे गुंटरची एक चौरस साखळी भरते ४ गुंठे.

मोजणीच्या तुकडीत होकायंत्र धरणारा मोजणीदार, साखळी ओढणारे दोघे, झाडे तोडणारा आणि खुणा करणारा अशी माणसे असत. दर अर्ध्या मैलावर खुंट रोवायचा. जवळच्या झाडांची साल सोलून त्यावर खूण कोरायची आणि त्या झाडाची जात, व्यास, दिशा आणि खुंटापासूनचे अंतर किती कड्या, हे वहीत लिहायचे. खुंट कुजला तरी साक्षीदार झाडावरून कोपरा पुन्हा सापडावा, हा हेतू. गवताळ प्रदेशात झाडच नसे. तिथे मातीचा ढिगारा करून त्याखाली कोळसा किंवा दगड पुरत.

त्यात चुका कुठे होत?

साखळीतच. शेकडो जोड घासून घासून साखळी लांबत जाते. ६६ फुटांत एक इंच वाढला तर मैलाला ८० इंच, म्हणजे ६ फूट ८ इंचांचा फरक पडतो. म्हणून अधूनमधून ती प्रमाण साखळीशी ताडून पाहावी लागे. उतारावर साखळी आडवी न धरता जमिनीला लागून धरली तरी अंतर चुकते.

होकायंत्राची सुई हा दुसरा घोळ. मिशिगन-विस्कॉन्सिनकडे जमिनीत लोखंड असल्याने सुई भरकटायची. विल्यम बर्ट यांनी त्यासाठी सूर्यावरून दिशा काढणारे यंत्र बनवले आणि १८३६ मध्ये पेटंट घेतले. १८४४ मध्ये त्यांच्याच तुकडीला मिशिगनच्या उत्तर भागात सुई वेडीवाकडी फिरताना दिसली आणि तिथे लोहखनिज सापडले.

तिसरे कारण पृथ्वीचा गोलपणा. उत्तरेकडे जाताना रेखावृत्ते जवळ येतात. ४० अंश अक्षांशावर ६ मैल रुंदीची टाउनशिप ६ मैल उत्तरेला जाईपर्यंत सुमारे ४० फुटांनी अरुंद होते. ही तूट टाउनशिपच्या पश्चिम आणि उत्तर कडेच्या सेक्शनांत ढकलायची असा नियम झाला. म्हणून त्या कडेचे तुकडे पूर्ण ६४० एकरांचे नसतात. शिवाय ठरावीक अंतरावर, पुढच्या काळात दर २४ मैलांवर, दुरुस्तीची रेषा घेऊन पुन्हा पूर्ण रुंदीने सुरुवात करत. गावाकडचा सरळ रस्ता अचानक काटकोनात वळून पुन्हा सरळ जातो, ते बहुधा अशाच रेषेवर.

मूळ खुंट चुकीच्या जागी बसला असला तरी १८०५ च्या कायद्याने तोच अंतिम ठरतो. मागाहून कितीही अचूक यंत्राने मोजले तरी हद्द हलत नाही. माझ्या मते हा फार शहाणपणाचा नियम होता. नाहीतर प्रत्येक नव्या मोजणीबरोबर शेजाऱ्यांची भांडणे नव्याने उकरली गेली असती.

अमेरिकेतल्या दस्तातले जमिनीचे वर्णन कसे वाचायचे?

तिकडे घर किंवा शेत घेतलेल्यांना हा प्रश्न हमखास पडतो. समजा लिहिले आहे: ईशान्य १/४, नैर्ऋत्य १/४, सेक्शन १४, टाउनशिप ३ उत्तर, रेंज २ पश्चिम, आणि पुढे मुख्य रेखावृत्ताचे नाव. हे शेवटाकडून वाचत यायचे.

आधी मुख्य रेखावृत्त शोधा, म्हणजे त्या भागाच्या मोजणीची मूळ उत्तर-दक्षिण रेषा. त्याच्या पश्चिमेची दुसरी उभी पट्टी म्हणजे रेंज २ पश्चिम. पायारेषेच्या, म्हणजे त्या रेखावृत्ताला छेदणाऱ्या मूळ पूर्व-पश्चिम रेषेच्या, उत्तरेची तिसरी आडवी पट्टी म्हणजे टाउनशिप ३ उत्तर. दोन्ही जिथे छेदतात ती आपली टाउनशिप. आता सेक्शन. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात. १ ते ६ पश्चिमेकडे जातात, खालच्या ओळीत ७ ते १२ उलट पूर्वेकडे येतात, जशी नांगराची तासे वळतात तशी. त्यामुळे १४ हा वरून तिसऱ्या ओळीत, पूर्वेकडून दुसरा. त्याचा नैर्ऋत्य चतुर्थांश १६० एकर आणि त्या चतुर्थांशाचा ईशान्य चतुर्थांश ४० एकर.

दोन तुकड्यांच्या मध्ये ‘आणि’ हा शब्द आला तर अर्थच बदलतो. ‘ईशान्य १/४ आणि नैर्ऋत्य १/४’ म्हणजे दोन स्वतंत्र चतुर्थांश, मिळून ३२० एकर.

आपल्या गट नंबरात आणि यात मुळातच फरक आहे. आपल्याकडे शेतकरी आधीपासून कसत असलेल्या शेताला मोजणीत नंबर मिळाला. बांध आधी होता, नकाशा नंतर आला. तिकडे नकाशा आधी आला आणि बांध त्यावर पडले. आपला नंबर एका विशिष्ट शेताचा असतो, तिकडचा क्रमांक म्हणजे जाळीतली जागा.

ही पद्धत सगळीकडे मात्र नाही. मूळची १३ राज्ये, केंटकी, टेनेसी आणि टेक्सास या जाळीबाहेर आहेत.

मोजलेली जमीन राज्य कशी बनत असे?

१३ जुलै १७८७ च्या वायव्य प्रदेश कायद्याने पायऱ्या ठरवल्या. सुरुवातीला केंद्राने नेमलेला गव्हर्नर आणि न्यायाधीश. ५,००० मुक्त प्रौढ पुरुष झाले की निवडलेले विधिमंडळ. एकूण मुक्त लोकसंख्या ६०,००० झाली की जुन्या राज्यांच्या बरोबरीचे राज्य. ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला मनाई. याच प्रदेशातून ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही राज्ये निघाली.

नवा प्रदेश कायमची वसाहत म्हणून न ठेवता बरोबरीचे राज्य करायचा, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती. त्याच कायद्यात मूळ रहिवाशांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय घेणार नाही असेही वचन आहे. ते पाळले गेले नाही.

सामान्य शेतकऱ्याला जमीन परवडत होती का?

सुरुवातीला मुळीच नाही. ६४० एकर एकरकमी घ्यायचे म्हणजे किमान ६४० डॉलर. १७९६ मध्ये भाव एकरी २ डॉलर झाला आणि ती रक्कम दुप्पट झाली. घेणारे बहुतेक सटोडिये आणि कंपन्या.

१८०० मध्ये किमान क्षेत्र ३२० एकर केले आणि उधारी सुरू झाली: चौथा हिस्सा आधी, बाकी चार वर्षांत ६ टक्के व्याजाने. १८०४ मध्ये क्षेत्र १६० एकरांवर आले. लोकांनी झेपेल त्यापेक्षा जास्त जमीन उचलली. १८१९ च्या मंदीत धान्याचे आणि कापसाचे भाव कोसळले आणि सरकारचेच २ कोटी डॉलरहून अधिक येणे थकले. म्हणून १८२० मध्ये उधारी बंद झाली. भाव एकरी सव्वा डॉलर, किमान ८० एकर, म्हणजे रोख १०० डॉलर. १८३२ मध्ये किमान क्षेत्र ४० एकर झाले.

अनेकजण मोजणीची वाट न पाहता आधीच जाऊन झोपडी बांधत. त्यांना हटवण्याचे प्रयत्न झाले, सैन्यही पाठवले गेले, पण माणसे परत येत. १८४१ च्या कायद्याने अखेर अशा कब्जेदाराला १६० एकरांपर्यंतची जमीन लिलावाआधी सव्वा डॉलरने घेण्याचा पहिला हक्क दिला.

फ्रान्सने लुइझियाना का विकले?

न्यू ऑर्लिन्स बंदर हे मूळ कारण. ओहायो खोऱ्यातले पीठ, डुकराचे मांस आणि तंबाखू डोंगर ओलांडून पूर्वेला नेणे परवडत नसे. माल नदीतून खाली जायचा आणि न्यू ऑर्लिन्सला समुद्री जहाजावर चढायचा. १७९५ च्या तहाने स्पेनने तिथे माल ठेवण्याची मुभा दिली होती. ती ऑक्टोबर १८०२ मध्ये काढून घेतली गेली आणि पश्चिमेकडचे शेतकरी खवळले. तोवर स्पेनने हा प्रदेश गुपचूप फ्रान्सला परत द्यायचे कबूल केले होते.

अध्यक्ष जेफरसन यांना फक्त बंदर आणि फ्लोरिडाकडचा किनारा हवा होता. पण नेपोलियनची अडचण वेगळीच होती. आजच्या हैतीमध्ये गुलामांनी उठाव करून साखरेची सर्वांत श्रीमंत वसाहत फ्रान्सच्या हातून काढली होती. ती परत घेण्यासाठी पाठवलेले सैन्य लढाईत आणि पीतज्वराने संपले. सेनापती लक्लेर्क स्वतः १८०२ मध्ये तापाने गेला. हैती हातचे गेल्यावर तिला धान्य पुरवणाऱ्या लुइझियानाचा उपयोग उरला नाही, आणि ब्रिटनशी युद्ध पुन्हा तोंडावर होते. एप्रिल १८०३ मध्ये फ्रान्सने अमेरिकेचे वकील लिव्हिंग्स्टन यांना विचारले, सगळेच घेता का? अमेरिकेच्या पश्चिम विस्ताराचा हा सर्वांत मोठा टप्पा हैतीच्या लढवय्या गुलामांमुळे शक्य झाला, हे अजूनही पुरेसे सांगितले जात नाही.

किंमत किती आणि पैसे आले कुठून?

एकूण दीड कोटी डॉलर. त्यातले १ कोटी १२ लाख ५० हजार डॉलर फ्रान्सला. उरलेले साडेसदतीस लाख फ्रान्सकडून येणे असलेल्या अमेरिकी नागरिकांना. क्षेत्र सुमारे ८,२८,००० चौरस मैल, म्हणजे ५३ कोटी एकर, आजच्या महाराष्ट्राच्या जवळपास सातपट. एकरी ३ सेंटांहूनही कमी.

रोख रक्कम नव्हतीच. अमेरिकेने ६ टक्के व्याजाचे रोखे काढले आणि लंडनच्या बेअरिंग व ॲमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी ते घेऊन फ्रान्सला पैसे पुरवले. ब्रिटन फ्रान्सशी लढत असताना लंडनची पेढी हा व्यवहार करत होती. तहावर तारीख ३० एप्रिल १८०३ आहे. सिनेटने २० ऑक्टोबरला २४ विरुद्ध ७ मतांनी मंजुरी दिली आणि २० डिसेंबरला न्यू ऑर्लिन्समध्ये झेंडा बदलला. संविधानात परकी प्रदेश विकत घेण्याचा स्पष्ट अधिकार नाही, ही शंका खुद्द जेफरसन यांना होती. नेपोलियनचे मन फिरेल या भीतीने त्यांनी ती बाजूला ठेवली.

म्हणजे १८०३ मध्ये अमेरिका त्या जमिनीची मालक झाली?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. फ्रान्सच्या प्रत्यक्ष ताब्यात न्यू ऑर्लिन्स, सेंट लुइस आणि नदीकाठच्या काही वस्त्यांपलीकडे फारसे काही नव्हते. बाकी प्रदेश ओसेज, सू, पॉनी, मँडन, कोमांची अशा जमातींचा होता आणि त्यांना कुणी विचारले नव्हते. अमेरिकेने घेतला तो हक्क एवढाच: ही जमीन जमातींकडून घ्यायची झाली तर ती आम्हीच घेऊ, दुसरी कोणतीही युरोपीय सत्ता घेणार नाही.

१८२३ च्या जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी याला कायद्याचे रूप दिले. जमातींना वहिवाटीचा हक्क आहे, पण विकायची झाली तर ती केंद्र सरकारलाच. घेणारा एकच असला की भाव तो सांगेल तोच. जमातींना मिळालेली क्षुल्लक रक्कम बऱ्याच अंशी या एका नियमातून येते. ५३ कोटी एकरांची खरी किंमत पुढे करारामागून करार, वार्षिक रकमा आणि युद्धे यांतून मोजली गेली.

जमातींशी करार कसे होत?

कागदावर ते दोन राष्ट्रांमधले तह असत. सिनेटने मंजूर केलेले असे सुमारे ३७० करार आहेत. १८७१ मध्ये ही पद्धत बंद झाली.

३ नोव्हेंबर १८०४ चा सेंट लुइसचा करार पाहिला की दुखणे कळते. सॉक जमातीच्या एका माणसावर गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या हत्येचा आरोप होता. तो मिटवायला जमातीची काही मोजकी माणसे सेंट लुइसला आली होती. जमीन विकण्याचा अधिकार जमातीने त्यांना दिलेला नव्हता. गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन यांनी त्यांच्याकडून आजच्या इलिनॉय, विस्कॉन्सिन आणि मिसुरीतला प्रचंड भूभाग लिहून घेतला. मोबदला: २,२३४ डॉलर ५० सेंटांचा माल आणि वर्षाला १,००० डॉलर.

करारात एक कलम होते: जमीन सरकारची असेपर्यंत जमात तिथे राहू शकेल, शिकार करू शकेल. ते वाचायला उदार वाटते. पण मोजणी होऊन जमीन खासगी माणसाला विकली गेली की ती सरकारची राहत नाही. १८२० च्या दशकाच्या अखेरीस रॉक नदीकाठच्या सॉकेनुक गावाचे तेच झाले. लोक शिकारीहून परतले तर त्यांच्या मक्याच्या शेतांत दुसऱ्यांची कुंपणे. १८३२ मध्ये सॉकांचा पुढारी ब्लॅक हॉक आपल्या माणसांसह मिसिसिपी ओलांडून परत आला आणि ऑगस्टमध्ये बॅड ॲक्स इथे मिसिसिपी ओलांडू पाहणाऱ्या बायकामुलांसह अनेकांची कत्तल झाली.

बाकी ठिकाणीही हेच प्रकार दिसतात: अधिकार नसलेल्यांच्या सह्या, दुभाषाच्या चुका, व्यापाऱ्यांची उधारी मोबदल्यातून वळती करणे, कबूल केलेला माल उशिरा किंवा निकृष्ट देणे.

१८३० च्या स्थलांतर कायद्याने काय केले?

मिसिसिपीच्या पूर्वेला उरलेल्या जमातींना पश्चिमेला घालवण्यासाठी हा कायदा होता. प्रतिनिधीगृहात तो १०२ विरुद्ध ९७ असा जेमतेम पास झाला. लुइझियानाची खरेदी इथे कामाला आली: हलवायला जागा होती.

चेरोकी लोकांची स्वतःची लिपी, वर्तमानपत्र आणि लिखित संविधान होते. ते न्यायालयात गेले आणि १८३२ मध्ये वर्सेस्टर विरुद्ध जॉर्जिया खटल्यात निकाल त्यांच्या बाजूने लागला. तरी जॉर्जियाने त्याच वर्षी त्यांची जमीन सोडतीने वाटायला घेतली, १६० एकरांचे तुकडे आणि सोन्याच्या पट्ट्यात ४० एकरांचे. म्हणजे माणसे घरात राहत असताना त्यांच्या घराच्या चिठ्ठ्या निघाल्या. १८३५ मध्ये एका अल्पसंख्य गटाकडून ५० लाख डॉलरचा करार लिहून घेतला. विरोधात १५ हजारांहून अधिक चेरोकींचा अर्ज गेला, पण सिनेटमध्ये करार एका मताने टिकला. १८३८-३९ मध्ये सैन्याने सुमारे १६ हजार लोकांना हलवले. वाटेत आणि छावण्यांत मेलेल्यांचा सर्वसाधारण अंदाज ४ हजारांचा आहे.

बाकीचे प्रदेश कसे आले?

फ्लोरिडा स्पेनकडून, १८१९ च्या तहाने, ५० लाख डॉलरपर्यंतचे दावे अमेरिकेने स्वतःवर घेऊन. टेक्सास १८४५ मध्ये सामील झाले आणि आपली सार्वजनिक जमीन त्याने स्वतःकडेच ठेवली. तिथे केंद्राची जाळी नाही ती यामुळे. ऑरेगनची हद्द १८४६ मध्ये ब्रिटनशी ४९ अंश अक्षांशावर ठरली. मेक्सिकोशी युद्ध जिंकल्यावर २ फेब्रुवारी १८४८ च्या तहाने कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा मुलूख दीड कोटी डॉलरला आला. १८५३ मध्ये दक्षिणेकडून रेल्वे नेण्यासाठी आणखी एक पट्टा १ कोटी डॉलरला घेतला.

कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन जमीनदारांचे काय झाले?

१८४८ च्या तहात त्यांच्या मालमत्तेचे रक्षण करण्याचे वचन होते. पण १८५१ च्या कायद्याने प्रत्येकाला तीन सदस्यांच्या आयोगापुढे दोन वर्षांत मालकी सिद्ध करायला लावली. पुरावा म्हणजे हाताने काढलेले नकाशे: एक टेकडी, एक ओढा, ओकची झाडे. गुराढोरांच्या मोठ्या रानाला तेवढे पुरत होते, न्यायालयाला पुरले नाही. ८१३ दावे दाखल झाले, ६०० च्या वर मान्य झाले, पण अंतिम सनद हाती यायला सरासरी १७ वर्षे लागली. तेवढ्या काळात वकिलांची फी आणि सावकाराचे व्याज जमिनीतूनच गेले. खटला जिंकूनही जमीन गमावलेली घराणी त्यामुळे पुष्कळ.

गुलामगिरीचा याच्याशी काय संबंध?

प्रत्येक नव्या प्रदेशाबरोबर एकच प्रश्न उभा राहिला: तिथे गुलाम नेता येतील का? १८२० च्या तडजोडीने लुइझियाना प्रदेशात, मिसुरी सोडून, ३६ अंश ३० मिनिटे या रेषेच्या उत्तरेला मनाई केली. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती रेषा मोडली आणि कॅन्ससमध्ये रक्त सांडले. तिथून यादवी युद्ध सात वर्षांवर होते. दक्षिणेचे सदस्य फुकट जमिनीच्या कायद्यालाही अडवत, कारण छोट्या शेतकऱ्यांची वस्ती म्हणजे गुलामगिरीविरोधी राज्ये. ते काँग्रेसमधून, म्हणजे अमेरिकी संसदेतून, बाहेर पडल्यावर १८६२ मध्ये तो होमस्टेड कायदा झाला.

होमस्टेड कायद्याने जमीन मिळवायच्या पायऱ्या कोणत्या होत्या?

पात्रता: वय २१ किंवा कुटुंबप्रमुख, नागरिक किंवा नागरिक होण्याचा इरादा नोंदवलेला, आणि अमेरिकेविरुद्ध शस्त्र न उचललेला. अविवाहित स्त्रियांना आणि विधवांनाही अर्ज करता येत असे.

आधी मोजणीच्या खुणा पाहून १६० एकरांपर्यंतचा तुकडा निवडायचा. जमीन कचेरीत वर्णनासह अर्ज आणि १२ डॉलर भरायचे. सहा महिन्यांत तिथे राहायला जायचे. घर बांधायचे, जमीन फोडायची, पाच वर्षे राहायचे. त्यानंतर दोन वर्षांच्या आत दोन शेजारी साक्षीदार घेऊन कचेरीत सिद्ध करायचे आणि उरलेले ६ डॉलर भरायचे. मग सनद. ज्याला थांबायचे नसे तो सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलरने जमीन विकत घेऊ शके.

झाडे नसलेल्या भागात घर गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या मातीच्या ढेपांचे. ढेप साधारण एक फूट रुंद, दोन-तीन फूट लांब, चार इंच जाड. गवताची बाजू खाली करून, विटांसारखे सांधे मोडत, भिंत रचायची. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार, आणि पाऊस थांबल्यावरही दोन दिवस छत गळायचे.

किती जण यशस्वी झाले, आणि बाकीचे का फसले?

सुमारे १६ लाख सनदा दिल्या गेल्या, क्षेत्र २७ कोटी एकर, देशाच्या जवळपास दहावा हिस्सा. पण अर्ज केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक सनदेपर्यंत पोहोचले नाहीत. जमीन फुकट होती, तरी बैल, नांगर, बियाणे, विहीर, कुंपण आणि पहिले पीक येईपर्यंतचे खाणे फुकट नव्हते. दुष्काळ, टोळ आणि कर्ज यांनी अनेकांना परत पाठवले.

लबाडीही भरपूर. ‘१२ बाय १४ चे घर आहे’ अशी शपथ घ्यायची आणि फूट की इंच ते बोलायचे नाही. चाकांवरची एकच झोपडी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर ओढत न्यायची. गुरेवाले आपल्या गड्यांच्या नावे पाणवठ्याचे तुकडे धरत. ओढा हातात आला की भोवतालची हजारो एकर कोरडी जमीन दुसऱ्या कुणाच्या कामाची उरत नसे.

रेल्वे कंपन्यांना किती जमीन मिळाली?

केंद्राकडून एकूण सुमारे १३ कोटी एकर. १८६२ च्या कायद्यात रुळाच्या प्रत्येक मैलामागे १० सेक्शन, १८६४ मध्ये २०. विषम क्रमांकाचे सेक्शन कंपनीला, सम क्रमांकाचे सरकारकडे, बुद्धिबळाच्या पटासारखे. रेल्वे आल्यावर आपल्या चौकोनांचा भाव वाढेल हा सरकारचा हिशेब होता, म्हणून तिथला दर अडीच डॉलर ठेवला. त्यामुळे गरीब होमस्टेडवाल्याला रुळापासून दूर जावे लागले. वायोमिंगमध्ये हा पट अजून तसाच आहे आणि एका सार्वजनिक चौकोनाच्या कोपऱ्यावरून दुसऱ्यात पाऊल टाकले तर खासगी जमिनीत घुसखोरी होते का, यावर अलीकडेही खटले झाले.

१६० एकर पुरेसे होते का?

ओहायोत भरपूर, वायोमिंगमध्ये अजिबात नाही. १०० अंश पश्चिम रेखावृत्ताच्या आसपास पाऊस वर्षाला २० इंचांच्या खाली येतो. भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात सांगितले की कोरड्या भागात कुरणासाठी २,५६० एकर हवेत, बागायतीला ८० पुरतील, आणि हद्दी चौकोनाऐवजी पाण्याच्या सोयीने आखाव्यात. दुष्काळी पट्ट्यातला आपला शेतकरी हे एका वाक्यात समजेल. काँग्रेसने ऐकले नाही. १९०९ मध्ये ३२० एकर आणि १९१६ मध्ये गुरांसाठी ६४० एकर दिले, तेही कमीच. नांगरू नये अशी जमीन नांगरली गेली आणि १९३० च्या दशकात ती वाऱ्याबरोबर उडाली.

शेती महाविद्यालयांना जमीन दिली म्हणतात, ती कोणती?

२ जुलै १८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला काँग्रेसमधल्या दर सदस्यामागे ३० हजार एकर मिळाले. ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायची. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे अशाच ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या महाविद्यालयांत शेती शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर काम केले. १९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ झाले तेही शिक्षण, संशोधन आणि विस्तार एकत्र ठेवण्याच्या याच धर्तीवर.

भारतीयांना होमस्टेड घेता आले असते का?

नागरिकत्वाच्या अटीवर सगळे अडत होते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय नागरिकत्वाला अपात्र ठरवले. कॅलिफोर्नियाच्या १९१३ आणि १९२० च्या कायद्यांनी अशा अपात्र परदेशी लोकांना शेतजमिनीची मालकी बंद केली होती. पंजाबी शेतकऱ्यांना दुसऱ्यांच्या नावे जमीन ठेवावी लागली. नागरिकत्वाची वाट १९४६ मध्ये उघडली.

जमातींच्या राखीव जमिनी तरी टिकल्या का?

१८८७ च्या डॉज कायद्याने सामाईक जमीन फोडून कुटुंबप्रमुखाला १६० एकर दिले आणि उरलेली ‘जादा’ ठरवून विकली. १८८७ मध्ये जमातींकडे १३ कोटी ८० लाख एकर होते, १९३४ मध्ये ४ कोटी ८० लाख. ओक्लाहोमात २२ एप्रिल १८८९ रोजी दुपारी १२ वाजता सुमारे २० लाख एकर खुले झाले आणि हजारो लोक घोडे, गाड्या घेऊन धावत सुटले. संध्याकाळपर्यंत गावे वसली होती.

ही प्रकरणे आता मिटली आहेत का?

नाही. ब्लॅक हिल्स हा डोंगराळ भाग १८६८ च्या करारात सू लोकांना दिलेला होता. सोने सापडल्यावर १८७७ मध्ये तो काढून घेतला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याजासह १० कोटी डॉलरहून अधिक भरपाई कायम केली. सू जमातींनी ती घेतलेली नाही. जमीन विकलीच नव्हती, मग पैसे कशाचे घ्यायचे, हे त्यांचे म्हणणे आहे. रक्कम खात्यात व्याजाने वाढते आहे. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले की पूर्व ओक्लाहोमातली क्रीक जमातीची राखीव जमीन काँग्रेसने कधी रद्दच केलेली नाही. आजच्या टल्सा शहराचा बराच भाग त्या हद्दीत येतो.